झिंगाट वाजलं की…

सध्या लग्नसराई आहे. बारामतीत जा नाहीतर इंदापुरात, हळदीला आणि वरातीत एक गाणं ठरलेलं. ‘झिंगाट’! ‘सैराट’ आला 29 एप्रिल 2016 ला. त्यानंतर कितीतरी गाणी आली आणि विसरलीही गेली, पण हे अजून वाजतंच आहे. बचतगटाच्या बैठकीत आम्ही बायका त्यावर बोललो. असं काय आहे या गाण्यात?

पहिलं म्हणजे ते आपल्या भागातलं. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. उजनीच्या पाण्याच्या अलीकडे आपलं इंदापूर, पलीकडे करमाळा. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे नीरा ओलांडली की झालं. पडद्यावरचा ऊस, विहीर, बोलायची ढब, सगळं आपलंच. अजय-अतुल यांनी गाणं लिहिलं, चाल लावली आणि गायलंही. चित्रपटाच्या संगीतासाठी अमेरिकेतल्या वादकांचा मोठा ताफा घेतला, पण ठेका राहिला आपल्या वरातीचा. 2018 ला हिंदी ‘धडक’मध्ये शब्द बदलले, नाव आणि चाल मात्र तीच ठेवावी लागली.

दुसरं म्हणजे, या गाण्याला नाच शिकावा लागत नाही. पूर्वी वरातीत पुरुष पुढे नाचायचे, आपण मागे पदर सावरत चालायचो. आता हे गाणं लागलं की करवल्या तर नाचतातच, मावशी आणि आत्याही पदर खोचून पुढे येतात. आमच्या गटातल्या साठी ओलांडलेल्या आजीसुद्धा दोन हात वर करतात. वर्षभर राबणाऱ्या बाईला चार मिनिटं मोकळी मिळतात. ती कुणी हिरावू नयेत.

पण मैत्रिणींनो, हे गाणं ज्या चित्रपटातलं आहे, त्याचा शेवट आठवा. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची आपल्या मनाने, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी संसार मांडते. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात आणि दोघांचा जीव घेतात. त्या शेवटाला संगीत नाही, आवाजच नाही. आपण गाणं घरी आणलं, तो शेवट मात्र थिएटरातच सोडून आलो.

म्हणून आमच्या गटात आम्ही एक ठरवलंय. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी दोन गोष्टी विचारायच्या. मुलीला 18 वर्षं पूर्ण झालीत का? आणि तिला हे लग्न हवंय का? दुसरा प्रश्न तिलाच विचारायचा, एकटीला गाठून. वय कमी असेल तर आधी आईवडिलांना समजवायचं. नाहीच ऐकलं तर 1098 हा फुकट नंबर आहे, तो फिरवायचा. आणि सज्ञान मुलीने स्वतः कुणाला पसंत केलं, तर तिच्या घरी आधी आपण जायचं, राग शांत करायला. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा जातीची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 ला स्पष्ट सांगितलंय. घरात जिवाची भीती असेल, तर 112 वर पोलिसांना कळवायचं.

एवढं विचारून झालं, नवरी मनापासून हसली, की मग लावा झिंगाट. रात्री दहाच्या आत, आवाज बेताचा ठेवून. आम्हीही येतो नाचायला.