जाहिरात भाकरीचीही हवी

कळमनुरी असो की सेनगाव, शाळेजवळच्या टपरीवर रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. पाच रुपयांत मीठ, तेल, मसाला आणि मोबाईलवर त्याचं गाणं. मुलांना ते तोंडपाठ असतं. भाकरीचं गाणं मात्र कुणी वाजवत नाही, आणि मला वाटतं, खरी उणीव तिथंच आहे.

असं गाणं चालतं, हे आपण पाहिलंय. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती 1982 मध्ये स्थापन झाली. रोज अंडं खा, असं सांगणारी तिची दूरदर्शनवरची जाहिरात एका पिढीच्या तोंडी बसली. त्यात प्रथिनांचं व्याख्यान नव्हतं, चाल होती. "चांगलं असतं, खा," असं दटावलं की मूल ताट सरकवतं.

आपल्याकडे सांगण्याजोगं काय कमी आहे? ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, अंबाडीची भाजी, गूळ-शेंगदाणे. सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना. त्या महिन्यात परिपाठाला मुलांनीच यावर दोन ओळी रचून, चाल लावून म्हणाव्यात.

कायदाही पाठीशी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला, त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. टपरीवाल्या काकांनाही बोलवा. फुटाणे, केळी विकायला त्यांना कुणाचीच आडकाठी नाही.