भिंत कशाची, हे कोण ठरवणार?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावरचा आजचा विषय वाचून काहीजणी हसल्या. मारहाण, पोटगी, रेशन यांवर बोलणाऱ्या आपण आज दगड-विटांवर काय बोलणार? पण थोडा विचार करा. ‘घर कुणाच्या नावावर?’ हा प्रश्न आपल्या चळवळीने वर्षानुवर्षं लावून धरला. आज पंतप्रधान आवास योजनेचं ग्रामीण घरकुल बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर करायचं, असा सर्वसाधारण नियम आहे. कागदावर बाई आली. पण त्या घराच्या बाहेरच्या भिंती कशाच्या, हे ठरतं तेव्हा ओट्यावर कोण बसलेलं असतं? नवरा, दीर, गवंडी आणि विटांचा ट्रॅक्टरवाला. जिच्या नावावर घर, ती आत चहा करत असते.

लातूर-धाराशिवच्या भागात तरी हा प्रश्न जिवावरचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि जवळजवळ ८००० माणसं गेली. बहुतेकजण झोपेत, आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गेले.

त्या भिंती कशा होत्या, हे नीट समजून घेऊ. दोन फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाड, काळ्या दगडाच्या, मातीच्या चिखलात रचलेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, तोफेनेसुद्धा पडायची नाही. पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला एक रांग, आतल्या अंगाला दुसरी आणि मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही अंगं एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही. वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं थरावर थर चढवलेली माती. जमीन हलली तशी दोन्ही अंगं सुटली, मधली भर कोसळली आणि माळवद खाली आलं.

यातून लोकांनी धडा घेतला तो असा, की दगड वाईट. दगड म्हटलं की अंगावर काटा यायचा, आणि ते साहजिकच होतं. पण दोष दगडाचा नव्हता, रचण्याचा होता. दगडाचीच भिंत दीड फुटापेक्षा जाड न करता, दर दोन फूट उंचीला आणि फार तर चार-चार फुटांवर आरपार दगड घालून, जोत्याशी आणि दार-खिडक्यांच्या माथ्याशी चौफेर सलग लोखंड-काँक्रीटचा पट्टा देऊन बांधली, तर ती कितीतरी अधिक टिकाव धरते. उलट, महागडी वीट आणली आणि पट्टाच दिला नाही, तर ती भिंतही धोक्याची. म्हणून माल कोणता, या प्रश्नाच्या जोडीला ‘बांधणार कसा?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हे ज्ञान बाईच्या डोक्यात मावत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला नव्वदच्या दशकातलंच उदाहरण द्या. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम निघालं, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. भिंतीत भोक पाडून, सळई घालून आरपार काँक्रीट कसं भरायचं, माळवदावरची माती का कमी करायची, हे त्यांनी घरोघर समजावलं. त्यातल्या कितीतरीजणींनी तोवर सिमेंटच्या पाट्या फक्त डोक्यावर वाहिल्या होत्या.

आता माल बघू. दगड जवळ मिळत असेल आणि घडवणारा कारागीर असेल, तर तो चांगला. पण कोपऱ्यांना आणि आरपार घालायला लांब दगड मिळणार का, हे आधी विचारा. कोकण-गोव्याच्या मैत्रिणींकडे जांभा चिरा आहे. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि वाऱ्यावर राहून टणक होतो. म्हणून लगेच भिंतीत घालायची घाई करू नका.

भाजलेली वीट आपण स्वतः तपासू शकतो. दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज खणखणीत यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडली तर सहसा फुटू नये. मग कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा. तीन किलोची वीट तीन किलो सहाशे ग्रॅमपेक्षा जड झाली, तर ती फार पाणी पिते. अशी भिंत पावसाळ्यात ओल धरणार, आणि त्या ओलीत बाळंतीण आणि तान्हं मूल झोपणार.

औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास राखेची वीट मिळते. ती भट्टीत भाजावी लागत नाही, रानातली चांगली माती वाचते. कडा सरळ असल्याने मसाला कमी लागतो. पण ही वीट काय आणि सिमेंटचा ब्लॉक काय, पाणी पिऊनच पक्के होतात. ‘ब्लॉकला किती दिवस पाणी मारलं?’ हे विक्रेत्याला विचाराच. दोन आठवड्यांपेक्षा कमी सांगितलं तर घेऊ नका. शिवाय सिमेंट ब्लॉकची पातळ भिंत उन्हाळ्यात तापते. जुन्या जाड भिंतींच्या घरातून नव्या घरात गेलेल्या बायकांना विचारा. पुरुष दुपारी पारावर झाडाखाली जाऊन बसतो. चुलीपुढे कोण असतं? पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडेल असं छप्पर पुढे काढणं, ही चैन नव्हे.

आता पाण्याचं बोलते. सिमेंटमधलं बांधकाम निदान सात दिवस ओलं ठेवावं लागतं. भाजलेल्या विटा बांधण्याआधी भिजवाव्या लागतात. मराठवाड्यात बांधकामं निघतात ती बहुधा उन्हाळ्यात, टँकरच्या दिवसांत. हे पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं? घर बांधायच्या हिशेबात सिमेंट, वाळू, सळई, मजुरी सगळं लिहिलेलं असतं. हे हंडे मला कुठल्याही हिशेबात दिसलेले नाहीत. पाणी कमी पडलं की भिंत कच्ची राहते, आणि ‘बायकांनी पाणी मारलं नाही’ म्हणून बोल पुन्हा आपल्यालाच.

शेवटचा मुद्दा, भिंत कुणाच्या हातची? वीटभट्टीवर नवरा-बायको दोघं राबतात. मजुरी हजार विटांमागे, उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब त्याच्या हातात. बांधकामावर बाई आयुष्यभर बिगारी आणि पुरुष गवंडी, कारण थापी आणि ओळंबा तिच्या हातात कुणी देत नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण कामच वेगळं ठेवलं की कायदा बाजूला राहतो. म्हणून गवंडीकामाचं प्रशिक्षण निघेल तिथे आपल्या बायकांची नावं आधी गेली पाहिजेत.

तर गावी गेल्यावर करायचं काय? घरकुलाच्या नियमाप्रमाणे घर लाभार्थ्यानेच बांधायचं किंवा आपल्या देखरेखीखाली बांधून घ्यायचं असतं. त्यात ठेकेदार आणायचा नाही. हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. ज्या बाईचं घर मंजूर झालंय तिच्याबरोबर मंडळातल्या दोघींनी माल बघायला जावं आणि वीट तिथेच आपटून बघावी. पट्टा कुठे देणार, आरपार दगड किती, हे गवंड्याला तिने स्वतः विचारावं. पाण्याचा खर्च हिशेबात लिहायला लावा. ते पाणी घरातलीच बाई आणणार असेल, तर तिची मजुरीसुद्धा लिहा.

उतारा तिच्या नावावर आहे. मग भिंत कशाची, हे ठरताना ओट्यावर पहिली जागाही तिचीच.