पडलेल्या आंब्यांचा कॉबलर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

पंचवीस वर्षांचा आढावा सचिवांनी घेतलाच आहे. मी बँकेतला माणूस. ताळेबंदात न दिसणाऱ्या एका मालमत्तेबद्दल बोलतो. ती म्हणजे गेटजवळचं आपलं आंब्याचं झाड.

उन्हाळ्यात वावधन सुटलं की पाडाला आलेले आंबे पटापट पडतात. मार लागलेला आंबा आढीत सडतो, आणि रसाला तो आंबट. म्हणून ते कचऱ्यात जातात. अमेरिकेत असलेल्या आमच्या सूनबाईंनी त्यावर उपाय सांगितला : कॉबलर. तिकडे तो बहुधा पीच या फळाचा करतात.

नाव परकं आहे, रीत नाही. तिकडे पूर्वी वसाहत करणाऱ्यांकडे भट्टी नसायची. जाड लोखंडी भांड्यात फळं, वर पिठाचे गोळे, खाली निखारे अन् झाकणावरही निखारे. आपण गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतो, त्याचाच हा गोड चुलतभाऊ समजा.

कृती लिहून घ्या. मार लागलेला भाग कापून टाकून चार वाट्या फोडी घ्या. पाडाचा आंबा घट्ट असतो, म्हणून शिजून त्याचा लगदा होत नाही. त्यात पाऊण वाटी साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर, वेलदोडा, चिमूटभर मीठ घालून पाच मिनिटं गरम करा. दीड वाटी मैद्यात दीड चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि ५० ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळा. अर्धी वाटी दूध घालून नुसतं गोळा करा. मळू नका, नाहीतर गोळे चिवट होतात. गरम फोडींवर लहान गोळे ठेवा, मधे फटी सोडा, म्हणजे वाफ निघते. फोडी गरम नसतील तर गोळे खालून कच्चे राहतात. ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. ओव्हन नसेल तर जुन्या कुकरच्या तळाला मीठ पसरा, वर जाळी ठेवा, शिट्टी-रिंग काढून दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर पाऊण तास. पाणी अजिबात नाही. गोळे वरून कमी लाल होतात, पण चवीत फरक नाही.

आता मुद्द्याचं. पार्किंगसाठी हे झाड काढावं, असा विषय येत्या सभेपुढे आहे. गाडीवाल्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आणि समजा परवानगी मिळाली, तरी अमरावतीच्या ४४-४५ अंशांत आपला चौकीदार, कामाला येणाऱ्या बाया, ऑटोची वाट पाहणारे आमच्यासारखे म्हातारे बसतील कुठं, सांगा बाप्पा? गाड्यांसाठी मागच्या भिंतीलगतची जागा आखून बघू या.

हे झाड म्हणजे आपली मुदत ठेव. मुदतीआधी मोडू नका, व्याज खा. पुढच्या उन्हाळ्यात पडलेला प्रत्येक आंबा ऑफिसजवळच्या टोपलीत टाका. कापायला आम्ही निवृत्त मंडळी आहोत, खायला तुमची पोरं आहेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!