एक पाकोळी, एक बेडूक

पाऊस ओढ देतो तेव्हा खेड्यात धोंडी निघते. काठीला बेडूक बांधून पोरं दारोदार पाणी मागतात. पाकोळीला, म्हणजे लहान वटवाघळाला, तेवढाही मान नाही. घरात शिरली की झाडू घेऊन मागे लागायचं. आज या दोघांबद्दल बोलायचं आहे.

1911 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, आणि सुरुवात केली ती आपल्या खानदेशातून. सी. ए. क्रम्प यांनी इथले नमुने गोळा केले; पाहणीचा पहिला अहवाल, अर्थात खानदेशचा, निवृत्त वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी लिहिला. पुढे याच पाहणीत बेळगावच्या खानापूर तालुक्यात, बारापेडे गुहेत, एक वेगळंच वटवाघूळ सापडलं. मोठाले कान कपाळावर जुळलेले, शेपटी पडद्याबाहेर मोकळी. 1913 मध्ये त्याला रॉटन यांचंच नाव मिळालं. कित्येक दशकं जगात त्याचा तेवढाच एक पत्ता होता. नंतर ते कंबोडियात आणि मेघालयातही आढळलं.

बारापेडे गुहेच्याच सह्याद्रीत, थोडं उत्तरेला आंबोलीच्या जांभ्या सड्यावर, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक छोटा बेडूक राहतो. शास्त्राने त्याची नोंद केली ती थेट 2009 मध्ये.

पाकोळी आपल्या पिलाला अंगाशी धरून दूध पाजते. या बेडकाची अंडी मात्र पहिल्या पावसात कातळावर साचलेल्या बोटभर पाण्यात पडतात. पावसाने चार दिवस उघडीप दिली की डबकं आटतं, आणि पिल्लावळ तिथेच संपते. कोरडवाहू शेती करणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मला तरी या बेडकाचं जगणं जास्त धाडसाचं वाटतं.

आता तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. पावसाळी सहलींची वाहनं घाटातून धावतात, त्याच दिवसांत तो रस्ता ओलांडतो. रॉटन यांच्या पाकोळीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला, जागा मिळाली आहे. तरी गुहेत कुणी जाळ केला, गोंगाट केला, तर तिने जायचं कुठे?

आपल्या खानदेशात, पाटणादेवीच्या डोंगरात एखाद्या लेण्यात शिरताना अंधारात फडफड ऐकू आली, तर टॉर्चचा झोत तेवढा खाली, पायांपाशी ठेवा.