ऑफिसची मेल क्लाउडवर न्यायची की नाही?



गुजरातेत जामनगरजवळ वाडिनारला नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला 2 कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता. 2025 च्या जुलैत या कंपनीतल्या माणसांचे आउटलुक आणि टीम्स एकाएकी बंद झाले. यंत्रात बिघाड नव्हता, आणि परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असल्याचे कंपनीने सांगितले. कारण वेगळेच होते. रशियाच्या रोसनेफ्टचा या कंपनीत 49 टक्क्यांहून थोडा जास्त वाटा आहे, आणि 18 जुलैला युरोपीय संघाने नायरावर निर्बंध लादले होते. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी मायक्रोसॉफ्ट अमेरिकेची, ऑफिस भारतात. तरी खाती थांबली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात कर्मचाऱ्यांचा पत्रव्यवहार मुंबईच्या रेडिफच्या मेलवर आला, आणि महिना संपायच्या आत मायक्रोसॉफ्टने सेवा पुन्हा सुरू केली.

ही बातमी वाचून एखादा कारखानदार म्हणेल, मेल आपल्याच सर्व्हरवर बरी. हा निष्कर्ष घाईचा आहे.

2 मार्च 2021 रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की स्वतःच्या जागेत चालवायच्या एक्सचेंज सर्व्हरमध्ये चार गंभीर त्रुटी सापडल्या आहेत आणि हल्लेखोर त्यांतून आत शिरू लागले आहेत. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली. पण ती प्रत्येक ऑफिसात कुणीतरी बसून चढवायला हवी होती. जिथे असा माणूस नव्हता, किंवा होता पण रजेवर होता, तिथले सर्व्हर काही दिवसांत फोडले गेले. जगभरात अशी हजारो ऑफिसे निघाली. ज्यांची मेल त्याच कंपनीच्या क्लाउडवर होती, त्यांना या चार त्रुटींची झळ लागली नाही. एक्सचेंजच्या 2016 आणि 2019 या आवृत्त्यांचा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. ज्या ऑफिसात त्या अजून चालू आहेत, तिथे हा विषय दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवण्यासारखा नाही.

क्लाउड फुटत नाही, असेही नाही. 2023 मध्ये चीनशी संबंधित मानल्या गेलेल्या गटाने मायक्रोसॉफ्टची एक गुप्त किल्ली वापरून अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या मेलबॉक्समध्ये प्रवेश मिळवला. ते लक्षात आले अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या माणसांना, कारण मेलबॉक्स कधी, कुठून उघडला याच्या तपशीलवार नोंदी त्यांच्याकडे होत्या. या नोंदी तेव्हा महागड्या परवान्यातच मिळत. पुढे टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्या स्वस्त परवान्यांतही द्यायला सुरुवात केली. म्हणून योजना निवडताना किती जीबी जागा मिळते याच्याआधी विचारायचे, की नोंदी किती दिवस राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार अशा नोंदी 180 दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावा लागतो.

आता या मोठ्या गोष्टी बाजूला ठेवून एमआयडीसीतल्या चाळीस माणसांच्या कारखान्यात डोकावावे. वेबसाइट करून देणाऱ्याने सोबत दहा मेल आयडी दिलेले असतात. खरेदी विभागातल्या संगणकावर आउटलुक आहे, ते पीओपी पद्धतीने मेल उतरवून घेते आणि सर्व्हरवरची प्रत पुसते. सगळा पत्रव्यवहार एका पीएसटी फाइलीत साठतो. ती फाइल फुगत वीस जीबीची होते, आउटलुक उघडायला चहा पिऊन यावे एवढा वेळ घेते. मग खरेदीवाले साहेब नोकरी सोडतात, नवीन माणूस येतो, संगणक फॉरमॅट होतो. कोणत्या पुरवठादाराने कोणता भाव कबूल केला होता, हे त्या दिवसापासून कुणालाच सांगता येत नाही. अशा ऑफिसने क्लाउडवर जावे, आणि लवकर जावे.

फक्त जाण्याआधी एक गोष्ट तपासावी: डोमेन कुणाच्या नावावर आहे? कंपनीचे नाव असलेला हा इंटरनेटवरचा पत्ता पुष्कळदा वेबसाइटवाल्याच्या खात्यात असतो आणि नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. त्याच्याशी वाजले किंवा त्याने धंदा बंद केला, की पत्ताच अडकतो. डोमेन मालकाच्या ताब्यात असेल, तर मेल आज गूगलवर, उद्या झोहोवर, परवा आणखी कुठे नेता येते. एमएक्स नावाची एक नोंद बदलायची, पुढची मेल नव्या घरी येते. डोमेन हातात नसेल, तर बाकी कुठल्याही निर्णयाला अर्थ उरत नाही.

डेटा भारतातच आहे ना, असेही लोक विचारतात. प्रश्न योग्य आहे, आणि मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरे 2015 पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेतच. पण साठा कुठे आहे ही एक बाब झाली आणि खाते बंद करण्याचे बटण कुणाच्या हाती आहे ही दुसरी. निर्यात करणाऱ्या, परदेशी भागीदार असलेल्या उद्योगाने ही दुसरी बाब आधी पाहावी. पर्याय आहेत. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेली आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने 2025 मध्ये 40,000 हून अधिक मेलबॉक्स एक्सचेंजवरून ओपन-एक्सचेंज या मुक्त प्रणालीवर हलवले.

हलवण्याच्या कामाला माणसे फार कमी वेळ धरतात. चाळीस जणांचे सरासरी पंचवीस जीबी धरले तर एक टीबी होतो. ऑफिसच्या लाइनचा अपलोडचा वेग 20 एमबीपीएस असेल तर एवढा माल वर चढायला अखंड साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही दुसरे काही न करता. म्हणून आधी गेल्या वर्षभराची मेल न्यावी, जुनी सावकाश रात्री-रात्री. आणि बदलाच्या सोमवारी सकाळी पहिली तक्रार मेलची नसतेच. ती झेरॉक्स मशीनची असते. स्कॅन केलेला कागद मेलने जाईना, वेबसाइटवरची चौकशी येईना, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिले पाठवली तर ती ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतात. कारण ऑफिसच्या नावाने मेल पाठवणाऱ्या या यंत्रांत नव्या सर्व्हरची माहिती भरायची राहिलेली असते, किंवा त्यांचे पत्ते एसपीएफ नोंदीत, म्हणजे ऑफिसच्या नावाने मेल कुणी पाठवावी याच्या यादीत, घातलेले नसतात. त्यांची यादी आधीच्या आठवड्यात खोल्या-खोल्यांतून हिंडून करावी.

पैसे वाचतात का? माणशी महिना 150 रुपये धरले तर चाळीस जणांचे वर्षाला 72,000. मात्र मशीनवर उभ्या कामगाराला साहेबाची योजना लागत नाही. खरेदी, विक्री, सेवा अशा सामाईक पत्त्यांनाही वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये 50 जीबीपर्यंतचा सामाईक मेलबॉक्स परवान्याशिवाय चालतो. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही.

राहिली स्वतःकडची प्रत. जीमेलच्या कचऱ्यातली मेल 30 दिवसांनी जाते, त्यानंतर व्यवस्थापकाला ती परत आणायला आणखी 25 दिवस मिळतात, आणि मग सामान्यतः ती संपली. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. निधीने दुसऱ्या एका कंपनीकडेही प्रत ठेवली होती, तिचा यंत्रणा पुन्हा उभी करताना मोठा आधार झाला.

तेव्हा कुणाही विक्रेत्याला वर्षाचा धनादेश देण्याआधी महिनाभर पाच जणांची खाती चालवून पाहावीत. त्यातला एक मेलबॉक्स पूर्ण उतरवून घ्यावा आणि तो घरच्या संगणकावर थंडरबर्ड या मेल वाचायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून बघावा, जोडपत्रांसकट, मराठी नावांच्या फाइलींसकट.