लसीचे बळ आणि प्रदूषणाचे विष



लस टोचली म्हणजे बालक घटसर्प, धनुर्वात यांसारख्या रोगांपासून सुरक्षित झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही समजूत चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. लस स्वतः रोगाशी झुंजत नाही. ती शरीराला शत्रूची ओळख करून देते. झुंजण्याची शस्त्रे, म्हणजे प्रतिपिंडे, शरीराला स्वतःच घडवावी लागतात. ज्या शरीराने ही शस्त्रे घडवावयाची, त्याच शरीरात अन्न, पाणी आणि हवा यांच्या वाटेने विषारी द्रव्ये साठली असतील, तर लसीच्या बळाचे काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

शरीरातील पहारेकरी

मानवी रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे पहारेकरी होत. त्यांतील दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. 'बी' पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. 'टी' पेशींचा जन्मही अस्थिमज्जेतच होतो, परंतु त्या परिपक्व होतात छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत. लसीतील निरुपद्रवी केलेले विष शरीरात आले की साहाय्यक 'टी' पेशी 'बी' पेशींना इशारा देतात. 'बी' पेशी झपाट्याने वाढतात आणि त्यांतील काहींचे रूपांतर प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींत होते. उरलेल्यांपैकी काही पेशी त्या शत्रूची आठवण वर्षानुवर्षे जपून ठेवतात. पुढे खरा रोगजंतू आला, तर या आठवणीच्या आधारे शरीर तत्काळ सज्ज होते.

ही सर्व घडामोड गर्भावस्थेपासून बालपणीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत आकार घेत असते. साहजिकच या काळात झालेला आघात खोलवर जाण्याची भीती असते.

तेलातून आलेला इशारा

प्रदूषक द्रव्ये या यंत्रणेवर आघात करतात, याचा एक दुःखद पुरावा १९७९ साली तैवानमध्ये मिळाला. भाताच्या कोंड्यापासून काढलेल्या खाद्यतेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजेच पीसीबी, या वर्गातील रसायने मिसळली गेली. तेल शुद्ध करताना उष्णता वाहून नेण्यासाठी ही रसायने नळ्यांतून खेळवली जात आणि गळतीवाटे ती तेलात उतरली. सुमारे दोन हजार लोक बाधित झाले. १९६८ साली जपानमध्ये अशीच दुर्घटना घडून गेली होती. तैवानमधील रुग्णांची तपासणी केली असता त्यांच्या रक्तातील काही प्रकारची प्रतिपिंडे आणि 'टी' पेशी कमी झाल्याचे आढळले. बाधित मातांच्या मुलांत पुढे श्वासनलिकेचे व कानाचे आजार अधिक प्रमाणात दिसून आले.

ही झाली अपघाताची कथा. तेथे विषाची मात्रा मोठी होती. परंतु रोजच्या आहारातून थोडे थोडे विष पोटात जात राहिले, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटे उपयोगी पडली.

कारखान्याविना प्रदूषण

फेरो हा अठरा बेटांचा समूह डेन्मार्कच्या राज्याचा स्वायत्त भाग आहे. लोकसंख्या सुमारे पन्नास हजार. उपजीविका मुख्यतः मासेमारीवर. पीसीबी तयार करणारा कारखाना या बेटांवर नव्हता. तथापि औद्योगिक देशांतून वारा आणि सागरी प्रवाह यांच्याबरोबर ही रसायने तेथवर पोहोचली. ती सहजासहजी नष्ट होत नाहीत. लहान जीवाला मोठा जीव खातो, त्या प्रत्येक पायरीवर त्यांचा साठा वाढत जातो. या साखळीच्या टोकाला असलेला पायलट देवमासा हे फेरोवासीयांचे शतकानुशतकांचे अन्न. त्याच्या चरबीत पीसीबी व मांसात पारा साठलेला आढळला.

डॉ. पॉल वाइहे आणि डॉ. फिलिप ग्रांजाँ यांच्यासह शास्त्रज्ञांच्या गटांनी तेथील बालकांचा जन्मापासून पाठपुरावा केला. ही मुले सुदृढ होती आणि त्यांना घटसर्प व धनुर्वात यांच्या लसी वेळच्या वेळी मिळाल्या होत्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बालकाच्या शरीरातील पीसीबीचे प्रमाण दुप्पट झाले की अठराव्या महिन्यातील घटसर्पविरोधी प्रतिपिंडे सुमारे २४ टक्क्यांनी कमी भरतात. गर्भावस्थेतील प्रमाण दुप्पट असेल, तर सातव्या वर्षी धनुर्वातविरोधी प्रतिपिंडे सुमारे १६ टक्क्यांनी कमी आढळली.

२०१२ साली याच बेटांवरील दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १९९७ ते २००० या काळात नोंदलेल्या ६५६ जन्मांपैकी ५८७ बालकांचा पाठपुरावा २००८ पर्यंत झाला होता. या वेळी लक्ष होते ते पीफास या नव्या वर्गाच्या रसायनांवर. न चिकटणारी भांडी, डाग न पडणारी कापडे, आग विझविण्याचा फेस अशा अनेक वस्तूंत त्यांचा वापर झालेला आहे. पाचव्या वर्षी रक्तातील प्रमुख पीफास द्रव्ये दुप्पट असल्यास सातव्या वर्षी प्रतिपिंडांची एकूण पातळी जवळजवळ निम्मी, म्हणजे ४९ टक्क्यांनी कमी, आढळली. काही बालकांची पातळी तर संरक्षणास पुरेशी मानल्या जाणाऱ्या मर्यादेच्याही खाली गेली. लस तीच, मात्रा तीच. शरीराचा प्रतिसाद मात्र उणा.

अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव एकदम सिद्ध होत नाही. परंतु प्रयोगशाळेतील उंदरांना ही द्रव्ये दिली असता त्यांचीही प्रतिपिंडनिर्मिती मंदावते. डायॉक्सिन आणि त्याच्या गुणधर्माचे काही पीसीबी पेशीतील एका विशिष्ट ग्राहीला जाऊन चिकटतात. त्यामुळे 'बी' पेशींचे प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींत होणारे रूपांतर अडते. डायॉक्सिनमुळे प्राण्यांची थायमस ग्रंथीही आक्रसते. या सर्व पुराव्यांचा विचार करूनच युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली चार पीफास द्रव्यांची एकत्रित मर्यादा ठरविली. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे आठवड्याला ४.४ नॅनोग्रॅम इतकी ती अल्प आहे. लसीला मिळणारा उणा प्रतिसाद हाच या मर्यादेचा आधार होय.

उपाय कोठे करावयाचा?

फेरो बेटांनी आपल्यापुरता मार्ग शोधला. ज्यांना पुढे अपत्य हवे आहे अशा स्त्रियांनी देवमाशाची चरबी खाऊ नये, असा सल्ला तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी १९९८ साली दिला. २००८ साली तर हे अन्न मानवाने खाऊच नये, अशी शिफारस करण्यात आली. शतकांची खाद्यपरंपरा सोडण्याचा सल्ला देणे सोपे नव्हते, आणि ज्यांनी हे विष निर्माण केले नव्हते त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली, हेही विसरता येत नाही.

एकदा रक्तात उतरलेले पीफास अर्धे होण्यास काही वर्षे लागतात आणि पीसीबीचाही चरबीतील मुक्काम दीर्घ असतो. दवाखान्यात ते धुऊन काढण्याची सोय नाही. म्हणून बंदोबस्त उगमापाशीच व्हावयास हवा. २००१ च्या स्टॉकहोम कराराने पीसीबीसह अनेक चिवट रसायनांवर निर्बंध आणले. भारताने २००६ साली या कराराला मान्यता दिली. २०१६ च्या आदेशान्वये देशात पीसीबीचे उत्पादन व आयात बंद करण्यात आली आणि त्याचा वापर पूर्णपणे थांबविण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरविण्यात आली. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असे तेल असू शकते. भंगारात निघालेल्या ट्रान्सफॉर्मरचे तेल गटारात ओतणे किंवा उघड्यावर जाळणे म्हणजे या आदेशाचा हेतूच विफल करणे होय. जाळल्याने त्यातून अधिक घातक द्रव्ये निर्माण होतात.

या माहितीवरून कोणीही लसीवर अविश्वास दाखवू नये. प्रतिसाद उणा पडण्याचा धोका असेल, तर लसीची प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक वर्धक मात्रा अधिकच मोलाची ठरते. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील लसी, त्यानंतर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची आणि पाच ते सहा वर्षे वयातील वर्धक मात्रा चुकता कामा नयेत. मातेच्या दुधातूनही ही द्रव्ये बाळाकडे जातात हे खरे; परंतु स्तनपानाचे लाभ इतके मोठे आहेत की ते थांबविण्याचा सल्ला आरोग्यशास्त्र देत नाही.

लसीकरणाची मोहीम आणि प्रदूषण नियंत्रण ही दोन निरनिराळ्या खात्यांची कामे म्हणून पाहण्याची सवय आहे. बालकाच्या रक्तात मात्र ती दोन्ही एकत्र येतात. नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा आणि दंडावर टोचलेल्या लसीचा संबंध तेथे जुळतो. घटसर्पाला गावाबाहेर ठेवावयाचे असेल, तर आरोग्यसेविकेच्या हातातील सुईइतकेच लक्ष कारखान्याच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडेही द्यावे लागेल.