चेनसॉचा सायलेन्सर
चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळी-करवत, हिच्या सायलेन्सरचे तोंड रुंद केले की धूर मोकळा सुटून इंजिनाची ताकद वाढते, हे खरे असले तरी तेवढ्यावर थांबणे घातक ठरते. कारण निकास सुधारताच इंजिनात हवा जास्त खेचली जाऊन तिच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच (बहुधा ५० भागांस १ भाग) मिळत असल्याने पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून कार्ब्युरेटरवरचा ‘एच’ स्क्रू, जो भरवेगातील इंधन ठरवतो, किंचित सैल करावा लागतो. ठिणग्या अडवणारी बारीक जाळी मात्र वणव्याच्या भीतीने जागीच ठेवावी. आवाज वाढतो तो निराळाच. शिवाय अमेरिकेत प्रदूषण-प्रमाणित इंजिनात असा फेरफार कायद्याने निषिद्ध आहे.